बाराची टोपली

रोक्काफ्रेद्दात आजवर कुणीही उपाशी मेलेलं नाही, असं चौकातल्या संगमरवरी पाटीवर कोरलेलं आहे. गावात माणसंच एकतीस उरल्यामुळे हा लौकिक टिकवणं फारसं जड जात नाही.

एर्सिलिया खालच्या बंदरावरून रोज चारशे पायऱ्या चढून यायची, दारं ठोठावायची आणि परत जायची. तिचा नवरा नेव्हियो कुणाचं तरी छप्पर शाकारायला या डोंगरावर आला होता, त्याला आज नऊ दिवस झाले. शेवटी दमून ती बेकरीच्या पायरीवर बसली.

समोरच्या घराला गंजलेलं कुलूप होतं. आतला जिना कधीच कोसळला होता, आणि शिडी लावून चढलेल्या पोलिसांना वर धुळीशिवाय काही सापडलं नव्हतं. तरी बाराच्या ठोक्याला वरच्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली आली.

"मावशी, वर कोण राहतं?"

"कोण जाणे," पाववाली देल्फिना म्हणाली. "चिठ्ठी येते, मी पाव ठेवते. आधी एकच लागायचा. नऊ दिवस झाले, दोन लागतात. भूक वाढली असेल."

एर्सिलियानं चिठ्ठी हिसकावली. 'दोन पाव.' अक्षर नेव्हियोचं होतं.

"नेव्हियो! अरे, खाली ये!" ती दोरीला लोंबकळून ओरडली. "नाहीतर मला तरी वर घे!"

"हळू गं बाई, दोरी जुनी आहे."

तिनं दोरी सोडताच टोपली रिकामीच वर गेली आणि लगेच परत आली. नव्या चिठ्ठीवर त्याच अक्षरात लिहिलं होतं, 'तीन पाव.'

देल्फिनानं फळीकडे पाहिलं. दोनच उरले होते.