धाकट्याचं झाड

रानातली खुरटलेली झाडं मुळासकट काढून आणायची आणि घरी बोन्साय म्हणून वाढवायची, हे वेड दोघा भावांना बरोबरच लागलं होतं. पण कड्याजवळचा तो बुटका वड धाकट्याने खोदायला घेतला, तेव्हा थोरल्याने त्याच्या हातातली कुदळच हिसकावली.

"तुझ्या हातून जगायचा नाही तो. आजवर किती झाडं मारलीस!"

धाकट्याला ते फार लागलं. त्या दिवशी दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. दोन वर्षांनी थोरला गेला.

महिनाभराने धाकटा इरेला पेटून कड्यावर गेला. पहिलाच घाव घातला, तर माती भुसभुशीत लागली. कुणीतरी खोडाभोवती गोल चर खणून, जाड मुळं कापून, चाळलेली माती भरून ठेवली होती. आत कोवळ्या मुळांचा दाट गोळा झाला होता. एकही मूळ न तुटता झाड अलगद वर आलं.

त्याने तिथूनच वहिनीला फोन लावला. "दादा इकडे यायचा?"

"दर महिन्याला. चार पावलांवर दम लागायचा, तरी बादली घेऊन चढायचे. म्हणायचे, धाकट्याला घाई फार, आपणच मुळं तयार करून ठेवू."

"मग मला एका शब्दाने तरी सांगायचं!"



"झाड तयार झालं की तुमच्याकडे येणारच होते, भाऊजी. तोवर रिकाम्या हाताने कुठल्या तोंडाने जाऊ, म्हणायचे."