चहा संपेपर्यंत

अनिश हे लिहिणारच नव्हता. मोटर दुरुस्त केली, यात कसली आलीय गोष्ट, असं त्याला वाटत होतं. पण त्यानं शंभूला एक शब्द दिलाय, आणि नुसता तोंडी दिलेला शब्द माणूस सोयीनं विसरतो.

तर, यमुनेच्या बांधाखाली, चिखलात, बोटीची मोटर परत एकदा बोंबलली. बीप, बीप, बीप. आणि बंद.

“झालं,” गुलाबराव म्हणाले. “घोडं पळतंय झकास. उभं केलं की ताप.”

गुलाबराव फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. दिल्ली कँटोन्मेंटमधली मराठी पोरं गोळा करून ते पुरात बोट काढायचे. सरकारी नाही, घरची टीम. शंभू बोट चालवायचा. अनिश गाझियाबादहून यायचा, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारा. मोटर खोलायला तो मोबाईलवर बघून बघून शिकला होता.

समोर पाण्यानं वेढलेल्या उंचवट्यावर भाजी पिकवणाऱ्यांच्या झोपड्या. बायका, पोरं, एक बकरी. पाणी चढत होतं. माणसं चढेपर्यंत मोटर हळू चालू ठेवावी लागते, नाहीतर धार बोट ओढून नेते. आणि हळू चालवली की ही तापायची. मघाच्या खेपेला एका बाईचा एक पाय बोटीत, एक काठावर, आणि मोटर गप्प. शंभूनं दंडाला धरून आत खेचली म्हणून निभावलं.

“वल्ही काढा,” गुलाबराव म्हणाले.

“या धारेत वल्ही?” शंभू म्हणाला. “काका, थेट पुलाखाली सापडू आपण.”

“मग विचार तुझ्या मोबाईल इंजिनियरला.”

अनिश मोटरजवळ उकिडवा बसला. कँटोन्मेंटमधल्या क्वार्टरच्या मागे तिला बागेचा पाइप लावून कितीदा चालवली होती. तिथं कधी तापली नाही. मग इथंच का?

आणि ट्यूब पेटली. यार, पाइपातलं पाणी तर स्वतःच्याच जोरानं आत घुसतं! नदीत ते मोटरच्या पंपाला ओढावं लागतं. जोरात फिरताना ओढतो. हळू फिरताना त्याला दम पुरत नाही.

“पंप खोलतो,” तो म्हणाला.

“त्यातली रबराची चक्री नवी आहे. तूच घातलीस.”

“चक्री नवी आहे, काका. ती ज्या वाटीत फिरते, ती जुनी आहे.”

करोल बागेतल्या पार्टवाल्यानं मागवून दिलेल्या सेटमध्ये चक्रीसोबत स्टीलची नवी वाटीही होती. पण जुनी गुलाबरावांनी स्वतः पॉलिश लावून घासली होती, परेडच्या आधी बिल्ले घासतात तशी. आरशासारखी चमकत होती. ‘ही काय वाईट आहे? नवी राहू दे डब्यात,’ असं तेच म्हणाले होते. आणि फौजी माणसापुढे अनिश काय बोलणार!

बोट काठावर ओढली. मोटरचा खालचा भाग उतरवला. अनिशनं वाटी काढून गुलाबरावांच्या हातात दिली.

“आतून नख फिरवा.”

त्यांनी फिरवलं. नख अडकलं. परत फिरवलं, परत अडकलं. यमुनेच्या रेतीनं आत बारीक चर पाडले होते, आणि पाणी त्यातून मागच्या मागे निसटत होतं.

डब्यातली नवी वाटी गुलाबरावांनीच काढली, शर्टाला पुसली आणि अनिशपुढे धरली.

“हिला पॉलिश नाही करत,” ते म्हणाले.

मोटर जोडून बोट पाण्यात ढकलली, दोरीनं बांधून ठेवली. शंभूनं मोटर सुरू केली, अगदी हळू. गुलाबरावांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला.

“माझा चहा संपेपर्यंत उभी राहिली तर जा.”

एवढा सावकाश चहा पिताना त्यांना कुणी बघितलं नव्हतं. मोटरला थंड करून बाहेर पडणारी पाण्याची धार आधी थरथरली, मग करंगळीएवढी जाड झाली. अनिशची नजर तिच्यावरून हटेना.

“काका, चहा आहे का तीर्थ?” शंभू ओरडला.

“गप रे. गरम आहे.”

धार तुटली नाही. गुलाबरावांनी झाकण उपडं केलं. “निघा.”

अनिशनं एक पाय बोटीत टाकला.

“तू नाही. पोहता येतं का?”

पोहता येत नाही त्यानं बोटीवर जायचं नाही, हा टीमचा नियम सगळ्यांना माहीत होता. त्यानं पाय मागे घेतला.

मग बांधावरून तो बघत राहिला. बोट उंचवट्याला लागली. बायका चढल्या, पोरं चढली. बकरी चढेना. शंभू शिंगं धरून ओढतोय, ती मागे रेटतेय, बोटीतली पोरं खिदळतायत. आणि एवढा वेळ मोटर धारेत बोट धरून एका जागी उभी. धड धड धड. पाण्याची धार चालू.

बांधावरच्या गर्दीतल्या कुणीतरी गुलाबरावांना विचारलं, “मोटर किसने ठीक की?”

“इसने.”

“इंजीनियर है क्या?”

“हमारा लड़का है,” गुलाबराव म्हणाले, आणि अनिशकडे न बघता थर्मासमधला उरलेला चहा झाकणात ओतून त्याच्या हातात दिला.

बोट परत आली. सगळी उतरली. शंभूच्या शर्टाची बाही बकरीनं चावली होती. तो अनिशचा हात धरून मोटरवर ठेवत म्हणाला, “बघ. कोमट आहे, कोमट! अन्या, तू आत असतास ना, तर बकरी तू धरली असतीस.”

“पोहायला शिकतो,” अनिश म्हणाला. “पुढच्या पावसाच्या आधी.”

“फेकू नकोस.”

“शब्द आहे, शंभ्या. पुढच्या पुरात बकरी माझी.”