बीजगणिताचा पेपर

शाळेच्या फाटकापाशी आण्णा उभा होता. जेऊरहून पहाटेच्या गाडीनं आला असणार. बिरप्पा हातातली दौत सांभाळत थबकला. मॅट्रिकला कुणाला बसवायचं ते आजच्या बीजगणितावर ठरणार होतं, आणि नेमका आजच थोरला भाऊ मेंढरं सोडून सोलापुरात.

"कसा काय आलास?"

"लोकरीच्या कामानं आलतो. म्हटलं, जाता जाता बघावं." ऊन चांगलंच चढलं होतं, तरी आण्णानं पटका पार भुवयांपर्यंत ओढला होता.

"आय कशी हाय?"

"बरी हाय की. तू पेपर लिही जा. मी हितंच लिंबाखाली बसतो."

पटका नीट बांधला होता बिचाऱ्यानं. डोकं कुठूनच दिसत नव्हतं. पण वरचा ओठ उघडा पडला होता, ते काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आण्णाची मिशी वाडीत नाव घेण्यासारखी. बाप गेला तेव्हा एकदाच उतरली होती, त्यालाही सहा वर्षं झाली. आई-बापाशिवाय आपल्यात कुणासाठी मिशी काढत नाहीत.

बिरप्पानं त्या ओठाकडं पाहिलं. घंटा झाली. तो आत गेला.

पहिलंच गणित: क्षघन उणे सहा क्षवर्ग अधिक अकरा क्ष उणे सहा, अवयव पाडा. क्षच्या जागी एक घातला, शून्य आलं. एक अवयव सापडला. त्यानं भागाकार मांडला. वजा करताना चिन्ह बदलायला तो हटकून विसरायचा. मास्तरांनी त्यापायी कितीदा कान पिळला होता. आज एकही चिन्ह चुकलं नाही. आता रडू येईल म्हणून तो मधेच थांबून बघायचा. येत नव्हतं. हात आपला चालतच होता, आणि त्या हाताची त्याला शिसारी आली. सगळी गणितं सोडवून, ताळा करून तो बाहेर पडला.

आण्णा लिंबाखाली तसाच बसला होता.

"सुटली का?"

"सुटली."

"समदी?"

"व्हय."

आण्णानं मान हलवली. मग बराच वेळ पायापुढची माती उकरत राहिला.

"बिरप्पा, तुला एक सांगायचं हाय."

बिरप्पानं टोपी काढली, घडी करून खिशात घातली.

"न्हावी हितंच बघायचा, का गावात?"

आण्णाचा हात वरच्या ओठावर गेला.