मेन स्विचवरचा हार

मशीन आपली जागा विसरलं होतं. दसऱ्याची सुट्टी संपवून पहिली पाळी आत आली, तर ओतकामाच्या शेडमधला रोबोट लाल दिवा लावून उभा. आपला लोखंडी हात नेमका कुठं आहे हेच त्याला ठाऊक नाही, म्हणून जागचा हलायला तयार नाही. पुण्याचा इंजिनिअर येईपर्यंत काम ठप्प. मालक गोमटेशअण्णा नुसते फणफणत होते.

विजयसिंह मात्र आतून खूश. शेडमधला सगळ्यात जुना माणूस तो, सारा कारखाना त्याला मामा म्हणायचा. त्याची राजनंदिनी आणि शाहूवाडीकडचा आदर्श, दोघंही मेंटेनन्सला ट्रेनी. कायम एकालाच करणार होते, आणि आदर्श कामाला उजवा होता. पोरगी चिकटली म्हणजे झालं, बाकी दुनिया गेली खड्ड्यात, एवढाच मामाचा हिशेब.

रोबोटची सगळी आठवण एका छोट्या बॅटरीवर, आणि ती कधीची मरायला टेकलेली. नवी बॅटरी अष्टमीला आली. ती बसवायचं काम आदर्शकडं होतं. तोवर मेन स्विच बंद करायचा नाही, एवढीच ताकीद. करंट चालू असला की जुनी बॅटरी मेली तरी चालतं. खंडेनवमीला सगळ्या मशीनना झेंडूचे हार घातले. ह्या मशीनच्या मेन स्विचला मामानं स्वतः हार घातला, आणि हाराच्या आडून स्विच खाली ओढला. आदर्श त्या दिवशी गावाकडं पळालेला, ते तर मामाच्या पथ्यावरच पडलं. आज सगळ्यांच्या आधी येऊन मामानं स्विच गुपचूप वर केला. पूजेच्या दिवशी कुणी पान्याला बोट लावलं तरी अंगावर धावून जाणारा माणूस हा. त्याच्यावर संशय घेणार कोण? सुट्टीत लाईट गेली असंल, म्हणाले सगळे.

"लाईट जातीच की!" अण्णा ओरडले. "बॅटरी येऊन पडलीया, तरी बदलली न्हाय! मामा, तुम्ही जुनं माणूस. असल्या माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

"गेट दाखवा," मामा म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. दयामाया केलासा तर उद्या दुसरा शेफारतोय."

आदर्शनं मान खाली घातली. मामाला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

तेवढ्यात राजनंदिनी पुढं आली.

"अण्णा, आदर्शचा काय संबंध न्हाय. त्याच्या घरी भातकापणी हुती, म्हणून मीच त्याला पाठवलं आन् काम माझ्या अंगावर घेतलं. नवमीलाच बदलायचं ठरवलं हुतं. पर पूजेच्या दिवशी हत्यार उचललं तर माझ्या आबास्नी वाईट वाटंल, म्हणून ठेवलं. चूक माझी हाय."

अण्णांनी मामाकडं पाहिलं आणि नजर वळवली.

"शब्द तुमचाच हाय, मामा. आता मी काय करू?"

"थांबा! मेन म्या बंद केलता, अण्णा. हार घालताना. ह्या आदर्शला घालवायला केलतं. अंबाबाईची आण!"

मग अण्णा कसंनुसं हसले.

"खंडेनवमीला? आन् तुम्ही? ऱ्हाऊ द्या, मामा. पोटच्या पोरीसाठी बाप काय बी बोलतोय, कळतंय मला."

मामा शपथांवर शपथा घालत राहिला. जितक्या शपथा, तितकी माणसं हळहळत होती. आदर्शनं तर डोळे पुसले.

राजनंदिनीनं गळ्यातलं ओळखपत्र काढून अण्णांच्या हातात दिलं. मग वाकून बापाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"नगा, आबा, माझ्यासाठी खोटं बोलू नगासा," ती म्हणाली. "देवानं असा बाप समद्यास्नी द्यावा."