टिचकी

अर्धांगवायूनं केवळाबाईच्या उजव्या हाताची जाणीवच गेली होती. ती परत यावी म्हणून लेकीनं, पुनमनं, आईच्या सरावासाठी एक वेबपेज बनवलं. त्यातल्या बटणावर स्क्रीनवरचा बाण गेला की लॅपटॉपचा ट्रॅकपॅड बोटाला हलकीच टिचकी मारायचा. उदगीरच्या घरात केवळाबाई रोज डोळे मिटून त्यावर उजव्या हाताचं बोट फिरवायची.

"लागली का, माय?"

"हाव, लागली की."

पण आपलं मन राखायला तर ती तसं म्हणत नसेल? ही शंका पुनमला कुरतडायची. आज तिनं गुपचूप टिचक्या बंद केल्या.

"लागली का?"

केवळाबाईनं बराच वेळ बोट फिरवलं. मग रडवेल्या आवाजात म्हणाली, "न्हाई गं, आज कायबी लागंना."

पुनमनं तिला कडकडून मिठी मारली. "जिंकलीस माय, जिंकलीस!"