मार्सेलचं पथ्य

दुधीच्या सूपमध्ये लसूण घालायची की नाही, यावर महिला मंडळाच्या ग्रुपवर सकाळपासून रण माजलं होतं. ॲंजेला म्हणत होती, घालाच, चरबी झडते. दुसरी म्हणत होती, लसूण राहू दे, दालचिनी घाला. तिसरीनं तर सूपचा विषयच सोडून नाचणीच्या इडलीचा व्हिडिओ पाठवला होता. सांडोरच्या बायकांना स्वयंपाकातलं काही विचारायचा अवकाश, उत्तरं थांबत नाहीत.

विचारलं होतं रोझलीननं. तेल नको, साखर नको, खोबरं नको, पण माणूस चवीनं खाईल असं काय करता येईल? कुणासाठी, ते सांगायची गरज नव्हती. सगळ्या गावाला माहीत होतं.

तिचा थोरला मुलगा रेमंड शाळेत शिकवायचा. जुन्या काविळीनं त्याचं लिव्हर पार निकामी करून टाकलं होतं. डोळे पिवळे, पोटात पाणी. दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा मिळाला तरच तो वाचणार होता, आणि घरात जुळत होतं ते फक्त धाकट्या मार्सेलचं. "माझं घ्या," असं रोझलीन आधी म्हणाली होती. तिचं वय बसत नव्हतं.

मार्सेल एका पायावर तयार होता. पण तपासणीत त्याच्याच लिव्हरवर चरबी निघाली.

"ती उतरल्याशिवाय मी सुरी लावणार नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन महिने कडक पथ्य पाळा. वजन उतरवा. मग बघू."

"आणि देणाऱ्याला काही होत नाही ना?" रोझलीननं विचारलं.

"सहसा नाही होत."

"सहसा," रोझलीन म्हणाली.

"मम्मी, टेन्शन नको घेऊ," मार्सेल हसला. "लिव्हर परत वाढतं. पालीच्या शेपटीसारखं."

शेजारी बसलेली त्याची बायको प्रिन्सी हसली नाही. तिला सातवा महिना लागला होता.

त्या दिवसापासून रोझलीननं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. प्रिन्सीला ओट्यापाशी उभंसुद्धा राहू देईना. "तू बस पाय वर घेऊन. मला नुसतं वाचून दाखव." प्रिन्सी बाहेर ओटीवर बसून मोबाइलमधल्या पाककृती मोठ्यानं वाचायची आणि रोझलीन वाडीतून पडवळ, दुधी, अळू काढून आणायची. कधी ज्वारीचा उपमा, कधी मुगाची धिरडी, कधी केळीच्या पानात वाफवलेलं पापलेट. ऑफिसचा डबाही घरचाच.

मार्सेलनं जिद्दीनं पथ्य पाळलं. ऑफिसातल्या वाढदिवसांचे केक त्यानं परत पाठवले. मावसबहिणीच्या लग्नात सगळे तेलात तळलेल्या, टम्म फुगलेल्या मैद्याच्या फुग्यांवर तुटून पडले होते, तेव्हा हा कोपऱ्यात बसून घरून आणलेला डबा खात होता. लोकांना त्याचं कौतुक वाटलं. आईचं तर जास्तच.

"मम्मी, पथ्याचं जेवतोय असं वाटतच नाही गं," तो ताट चाटून पुसून म्हणायचा.

"वाडीतली भाजी आहे ती. बाजारातली नाही."

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. चरबी होती तेवढीच होती. वजन तर थोडं वाढलं होतं.

"बाहेर काय खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही."

"सगळे असंच सांगतात," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फाइल मिटली.

घरी रेमंड खाटेवर पडून होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. डॅडी गेल्यावर मार्सेलला हाताला धरून चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनला नेलं होतं ते त्यानंच. आवाज चढवायचीही आता त्याच्यात ताकद नव्हती.

"द्यायचं नसेल तर तसं सांग ना. तुला बायको आहे, पोर येणार आहे, मी समजून घेईन. पण रोज माझ्यासमोर बसून उकडलेलं खायचं हे नाटक कशाला करतोस?"

"दादा, मी खरंच..."

रेमंडनं भिंतीकडे तोंड फिरवलं. नंतर तो मार्सेलशी एक शब्द बोलला नाही.

मार्सेल स्वयंपाकघरात येऊन लहान मुलासारखा रडला. "मम्मी, तुझी शप्पथ. मी बाहेर साधा वडापावसुद्धा खाल्ला नाही."

"माहीत आहे मला."

"तो मला खोटारडा समजून जाईल गं. मग ही चरबी येते कुठून?"

रोझलीननं पदरानं त्याचं तोंड पुसलं. तीही रडत होती. पोटच्या दोन पोरांमध्ये अशी भिंत उभी राहिलेली कुठल्या आईला बघवेल?

"डॉक्टर अजून पंधरा दिवस थांबतो म्हणालेत," मार्सेल म्हणाला.

"तो थांबेल का तेवढे?" तिनं आतल्या खोलीकडे बघत विचारलं.

दुसऱ्या दिवशी ॲंजेलानं ग्रुपवर नवी पाककृती टाकली. मुगाचं सूप, बिनतेलाचं, हमखास गुण येणारं. खाली लिहिलं होतं, आम्ही सगळ्या तुझ्या दोन्ही मुलांसाठी रोझरीची प्रार्थना म्हणतोय. रोझलीननं उत्तर पाठवलं, थँक्यू, आजच करते.

तिनं मूग शिजत घातले आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. पलीकडे रेमंड कण्हत होता. तो शांत होईपर्यंत ती हातातलं काम सोडून ऐकत उभी राहिली. मग तिनं मऊ शिजलेले मूग मिक्सरमध्ये ओतले, त्यावर रोजच्यासारखं वाटीभर लोणी आणि मूठभर काजू घातले, बटण दाबलं आणि त्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "देवा, एक तरी ठेव."