आधी कोणता वाचू?

“उल्कावीरच्या एवढ्या अंकांतले आधी कोणते वाचू?” शिरीषकाकांनी पेटीजवळ उकिडवं बसत विचारलं. आईशी लग्न करून ते या घरात राहायला आले, त्याला जेमतेम महिना झाला होता. कॉमिक्सची ती पेटी मुक्ताच्या बाबांची होती. वारलेल्या बाबांची.

मुक्ताने मुद्दाम सगळ्यांत रटाळ तीन अंक काढून दिले. त्यांत उल्कावीर परग्रहावर निवडणूक लढवतो आणि पानंच्या पानं नुसती भाषणं ठोकतो. बाबांनीही ते अर्ध्यावर टाकले होते. हे वाचल्यावर काका पुन्हा पेटीकडे फिरकायचे नाहीत, याची तिला खात्री होती.

चार दिवसांनी काका अंक घेऊन परत आले. “हरला ते बरं झालं. मीही त्याला मत दिलं नसतं,” ते म्हणाले. “फारच कंटाळवाणे होते गं. पण तू निवडून दिलेस, म्हणून शेवटपर्यंत वाचले. आता पुढचा कोणता?”

मुक्ताला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. बराच वेळ ती पेटीत उगाच चाळवाचाळव करत राहिली. मग तिने तळातून एक चुरगळलेला, मुखपृष्ठ गेलेला अंक काढला. झोपताना बाबा तिला हाच वाचून दाखवायचे. काकांनी हात पुढे केला, तसा तिने तो छातीशी धरला.

“याची पानं निखळतात. तुमच्या हातात नाही देणार,” ती म्हणाली, आणि जराशी सरकून तिने काकांना जागा करून दिली. “बसा. मी वाचून दाखवते.”